खालची चौकट

“या तुमच्या कोण?” असं खिडकीतल्या मुलीनं विचारलं आणि संघमित्रा आणि लता दोघी एकमेकींकडे वळल्या. प्रश्नात अवघड काहीच नव्हतं. घाटकोपरच्या ट्रस्टच्या त्या डोळ्यांच्या इस्पितळात सकाळपासून रांगेतल्या प्रत्येकाला तो विचारला जात होता आणि माणसं उत्तर देऊन पुढे सरकत होती. मुलगा. सून. मिस्टर. संघमित्राच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. भुवईच्या वर चिकटपट्टीचा तुकडा लावून झाला होता, बाहुली मोठी करणारे थेंब तीन वेळा घालून झाले होते, हिरवा झगा चढवून झाला होता, आणि ऑपरेशनच्या दारापर्यंत गेल्यावर सिस्टरनं कागद बघून तिला परत पाठवलं होतं. सोबतच्या माणसाचं नातं कॉम्प्युटरवर भरायचं राहिलं होतं आणि त्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणून ती पुन्हा खिडकीपाशी उभी होती, अनवाणी. तिच्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून लतानं काखोटीला मारल्या होत्या, चष्मा लताच्या मुठीत होता. लता सांगेल म्हणून संघमित्रा थांबली, आणि संघमित्रा सांगेल म्हणून लता. दोघींच्या मधे तो प्रश्न पंख्याच्या वाऱ्यावर हलत राहिला.

मुलीच्या झग्यावर नाव होतं ते लतानं आल्या आल्याच वाचून ठेवलं होतं, क्षमा. क्षमानं दोघींकडे पाहिलं, आडनावं पाहिली आणि बहीण टाकू का म्हणून विचारलं. लता म्हणाली, बहीण कशी असेल, ही बुलढाण्याकडची, मी मालवणची. मग मावशी टाकते, क्षमा म्हणाली, यादीत कोणी बसत नसलं की आम्ही मावशीच टाकतो. यावर लताला हसू फुटलं. ती संघमित्रापेक्षा वर्षभरानं लहान. “मेले, माका हिची मावशी करतस?” असं ती म्हणाली ते क्षमाला अर्धंच कळलं असावं, पण तीही हसली, आणि हसता हसता तिच्या हातून काहीतरी चुकलं. “थांबा हां आजी. ‘राहू द्या’ दाबलं गेलं. परत उघडते.”

राहू द्या. संघमित्राच्या मानेवरून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं. आपण कुठेतरी ओळखीच्या जिन्यावर उभ्या आहोत आणि अंधारातही पुढची पायरी कुठे आहे ते पायाला ठाऊक आहे, तसं. तिनं मान पुढे केली. कॉम्प्युटरचा पडदा खिडकीशी तिरका ठेवलेला होता, बाहेरच्यालाही दिसावा असा. थेंबांमुळे आणि चष्म्याशिवाय सगळं पांढरं, पसरट झालं होतं, ट्यूबलाइटला केस फुटले होते, क्षमाचा चेहरा म्हणजे दुधात पडलेला गुळाचा खडा. अक्षर एकही लागत नव्हतं. पण पडद्यावर जे उघडलं त्याचा आकार तिला दिसला. करडी चौकट. तळाशी दोन बटणं, आणि त्यातलं उजवीकडचं डावीकडच्यापेक्षा लांब. सगळ्या जगातले कॉम्प्युटर ‘रद्द करा’ म्हणतात. ‘राहू द्या’ म्हणणारी एकच खिडकी होती, आणि ते शब्द मावेनात म्हणून ते बटण ओढून लांब करणारा हात तिचा स्वतःचा होता.

अंधेरीच्या त्या ऑफिसात इतकी थंडी असायची की मुली शाली पांघरून बसायच्या. शालीतून बोटं तेवढी बाहेर. चौऱ्याण्णव साल असेल. बाहेर मरोळचं ऊन रस्त्याचं डांबर मऊ करत असायचं आणि आत संघमित्रा कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमसाठी करड्या चौकटी आखत असायची. खिडकी म्हणजे डायलॉग, माणसाशी बोलणारी. असं त्या जाड इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं आणि तिला ते फार आवडलं होतं. पडद्याच्या डाव्या बाजूला साधनांची पेटी असायची, त्यात बारीक बारीक चित्रं. त्यातलं एक उचलून चौकटीत ठेवायचं. नाव लिहायला रिकामी पट्टी, त्यात काही विचार नाही. विचार असायचा तो यादीचा. माणसाला चार गोष्टींतून एक निवडायला द्यायची तर ती कशी द्यायची, यावर त्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं आणि ते तिनं कादंबरी वाचावी तसं वाचलं होतं. गोष्टी दोन-तीनच असतील तर गोल टिकल्या, जुन्या रेडिओच्या बटणांसारख्या, एक दाबलं की दुसरं आपोआप वर येतं. एकाहून जास्त निवडायच्या असतील तर चौकोनी घरं, भेळेत काय काय घालू विचारतात तशी. गोष्टी पुष्कळ असतील आणि जागाही असेल तर उघडी यादी, पाटीवर मांडलेल्या मासळीसारखी, सगळं डोळ्यांसमोर. जागा कमी असेल तर मिटलेली यादी, एका ओळीची, टोकाला बाण, बाण दाबला की खाली उलगडणारी. आणि शेवटी, आपल्याला सुचलं नाही असं काही समोरच्याकडे असण्याची शक्यता असेल तर, निवडताही येतं आणि लिहिताही येतं अशी चौकट. हे शेवटचं वाक्य तिनं पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं. पुस्तक ऑफिसचं होतं तरी. आपल्याला सुचलं नाही असं काही समोरच्याकडे असण्याची शक्यता. बसस्टॉपवर, भाजी घेताना, झोप येईपर्यंत तिच्या डोक्यात ते फिरत राहायचं. त्या दिवसांत तिला सगळं जगच याद्यांचं दिसायला लागलं होतं. उडप्याच्या हॉटेलातला पोऱ्या एका दमात सगळे पदार्थ म्हणतो ती कोणती यादी? लग्नाच्या बाजारात मुली दाखवतात ती? तिच्यापुरती ती यादी तिनं आधीच मिटून टाकली होती, पण कोणत्या साधनानं, हे तिला कुतूहल म्हणून पडलेलं कोडं होतं.

“झालं, उघडली,” क्षमा म्हणाली, आणि पुन्हा मावशी टाकू का, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं असावं, कारण लता म्हणाली, टाक बाये काय टाकायचं ते, हिचा डोळा होऊ दे. डोळा होऊ दे. लताचं हे वाक्य गेले कित्येक महिने नाहूरला दोघी राहत त्या संघमित्राच्या घरात येत-जात होतं. नितेशचा, म्हणजे लताच्या मुलाचा, गोरेगावहून फोन यायचा. त्यानं दोन खोल्यांची जागा सोडून तीन खोल्यांची घेतली होती, त्यातली एक आईची म्हणून ठेवली होती. सुनेला, सपनाला, दिवस राहिले होते. आणि लता दर वेळी म्हणायची, संघूचा डोळा होऊ दे रे, मग बघू. आता रविवारी तो टेम्पो घेऊन यायचा होता. लताचं लोखंडी कपाट, शिलाई मशीन, गणपतीचा पाट न्यायला. संघमित्रानं यात एकदाही काही म्हटलं नव्हतं. मुलगा बोलावतो आहे, चांगला आहे, सूनही चांगली आहे, यात म्हणण्यासारखं काय होतं? फक्त मोतीबिंदूची तारीख तिनं दोनदा पुढे ढकलली. एकदा सर्दी म्हणून, एकदा अमावास्या म्हणून. अमावास्या कधीपासून पाळायला लागलीस गो, असं लतानं विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता बांगडे साफ करायला बसली होती.

लता नवरा गेल्यानंतर त्या घरात आली होती ती पंधरा दिवसांसाठी. भांडुपला तिच्या इमारतीचे पाइप बदलत होते, तेवढ्यापुरती. पाइप बदलून झाले, इमारतीला रंग लागला, पुढे ती जागा भाड्यानं गेली, आणि बारा वर्षांत दोघींपैकी कोणीही ‘आता तू इथेच राहा’ किंवा ‘आता मी इथेच राहते’ असं एकदाही म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही. सकाळचा चहा लता करायची, उकळून काळा. संध्याकाळचा संघमित्रा, तिच्या मते चहासारखा. भिंतीवर एकीकडे बुद्ध, दुसरीकडे लताचा गणपती, आणि मधल्या खिळ्याला इलेक्ट्रिकची बिलं. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, तुमच्या नात्यातल्या का? तेव्हा संघमित्रा म्हणायची, आम्ही अंधेरीला एका बसनं जायचो. ते उत्तर नव्हतं, पण ऐकणाऱ्याला ते उत्तर वाटायचं आणि गाडी पुढे जायची. आज पहिल्यांदाच गाडी अडली होती. एका मिटलेल्या यादीपाशी, जी संघमित्रानंच केली होती.

मग तिला वाटलं, पण आपण मिटलेली यादी केलीच नव्हती. किंवा केली होती, पण… हे ‘पण’ कुठेतरी खोल अडकलं होतं, आणि ते काय आहे हे आठवण्याची तिला विलक्षण उत्सुकता लागली. दारात सिस्टर तिच्या नावानं हाक मारत होती. तिनं हात वर करून थांबा म्हटलं. क्षमाला विचारलं, बाळा, हे फार जुनं आहे ना? क्षमा म्हणाली, खूप जुनं आजी, मशीन बदलली पण हे तेच, नवीन येणार म्हणून दोन वर्षं ऐकतोय. संघमित्राला त्या धुरकट करड्या चौकटीबद्दल अचानक माया वाटली. जुन्या शाळेतली कोणी मैत्रीण जाड होऊन, केस पिकून समोर उभी राहावी आणि हनुवटीच्या खळीवरून ओळखू यावी, तशी.

पहिल्या महिन्यात तिनं इथे मिटलेली यादीच दिली होती. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, सून, जावई, आई, वडील, भाऊ, बहीण, मावशी. प्रोजेक्टच्या साहेबांनी ‘इतर’ ठेवू दिलं नव्हतं. ‘इतर’ ठेवलं की सगळे इतर होतील, म्हणाले, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. एका गोष्टीत मात्र तिनं ऐकलं नव्हतं. यादी उघडण्याआधी पहिलं नाव आपोआप निवडलेलं असावं, कारकुनाचा वेळ वाचेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तिनं ते रिकामंच ठेवलं. याचं कारण तिनं ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. लहानपणी टेकडीवरच्या वस्तीतून वडील तिला शाळेत घालायला घेऊन गेले होते तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि धर्माच्या रकान्यात न विचारताच लिहायला घेतलं. वडिलांनी शांतपणे त्यांच्या हातावर हात ठेवला. आधी विचारा, म्हणाले, मग लिहा. बस्स, एवढंच. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. पण त्या दोन हातांचं एकावर एक असणं, खालचा शाईनं डागळलेला, वरचा गिरणीच्या तेलानं, सहा वर्षांच्या मुलीच्या नाकासमोर होतं, आणि पुढे आयुष्यात तिनं जितक्या खिडक्या आखल्या त्यांतल्या एकाही यादीत आपलं आपण काही निवडलेलं नसे.

तर पहिल्या महिन्याचा हिशेब आला तेव्हा साहेब चक्रावले. इस्पितळात आलेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त लोकांबरोबर मावशी आली होती. म्हाताऱ्या हमालाबरोबर मावशी, पोलिसाबरोबर मावशी, एका गृहस्थाबरोबर तर दाढीवाली मावशी असल्याचं पुढे कळलं. प्रोग्रॅममध्ये चूक आहे म्हणून संघमित्राला घाटकोपरला पाठवलं. ती याच खिडकीच्या आत, कुंदा नावाच्या कारकून बाईच्या शेजारी स्टूल घेऊन बसली आणि दिवसभर ऐकत राहिली. प्रोग्रॅममध्ये काही चूक नव्हती. माणसंच तशी येत होती. चाळीतली शेजारीण डोळा दाखवायला आली तर समोरच्या खोलीतला पोरगा तिच्याबरोबर यायचा, आणि कुंदा विचारायची, या तुझ्या कोण, तर तो म्हणायचा, मावशी. धुणंवाली मालकिणीबरोबर यायची. या कोण, तर मावशी. घाटकोपरात ज्या बाईला नावानं हाक मारायची नाही ती प्रत्येक मावशीच असते. आणि जिथे तेही बसत नसे तिथे कुंदा स्वतःच मावशी दाबायची, कारण ती यादीत शेवटी होती आणि खालचा बाण दाबून धरला की तिथे जाऊन थांबता यायचं. संघमित्राला ते इतकं आवडलं की ती परतीच्या बसमध्ये एकटीच हसत होती.

लताला हे सांगितलं ते मात्र बसमध्ये नव्हे, बसस्टॉपवर. दुसऱ्या दिवशी, मरोळच्या स्टॉपवर. लता तेव्हा त्याच आवारातल्या एका कारखान्यात सर्किटांना डाग द्यायचं काम करायची, तिच्या ओढणीला डाग द्यायच्या राळेचा वास असायचा. धोंडू, तिचा नवरा, गिरणी बंद पडल्यापासून घरी. त्या दोघींची ओळख म्हणजे एका रांगेत उभं राहायची ओळख, पण त्या दिवशी संघमित्राला कोणाला तरी सांगायचंच होतं. तिनं लताला सगळं सांगितलं, उघडी यादी, मिटलेली यादी, मावश्या. लता ऐकत होती, डब्यातली उरलेली चपाती खात. मग म्हणाली, “आमच्या गावकीच्या खोलीत कसं होतं सांगू? लालबागला. एक खोली, गावचे वीस-बावीस बाप्ये. भिंतीला खुंट्या. जेवढी माणसं तेवढ्या खुंट्या. गावाहून नवा कोणी आला की पहिली नवी खुंटी ठोकायची, मग त्याला चहा. खुंट्या संपल्या, तू परत जा, असं कोण म्हणतं काय?” आणि माणूस गेला की? संघमित्रानं विचारलं होतं. कायमचा गेला, तर खुंटी काढतात? लतानं चपातीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. “खुंटी कोण काढतो? भिंतीचं प्लास्टर निघतं.”

आणि तिथे, त्या धुरकट पांढऱ्या उजेडात, इस्पितळाच्या खिडकीशी अनवाणी उभं असताना, ते अडकलेलं ‘पण’ संघमित्राच्या हाती आलं. साहेबांना बंद यादी हवी होती. लोकांना लिहू दिलं की कचरा होतो, म्हणाले. तिला लिहिता येणारी हवी होती. आणि त्या काळच्या त्या साधनांत एकदा ठेवलेल्या चौकटीचा स्वभाव पुढे बदलता येत नसे. मिटलेली ती मिटलेलीच. मग तिनं काय केलं, तर दोन चौकटी केल्या, एकाच मापाच्या, आणि एकीवर एक ठेवल्या. वरची बंद, साहेबांची. खालची लिहिता येणारी, आणि लिहिलेलं लक्षात ठेवणारी. ‘नाते’ या शब्दावर दोनदा टिचकी मारली की वरची नाहीशी व्हायची. हे तिनं फक्त कुंदाला सांगितलं होतं, तेही जाता जाता, पदर खोचत, गुपित म्हणून नाही तर एखादी सोय सांगावी तसं. पुढे ते काम संपलं, दुसरं आलं, बँका आल्या, विमा आला, अंधेरीहून ऑफिस मालाडला गेलं, आणि या खिडकीकडे ती पुन्हा कधी फिरकली नाही; आपलं काम इथे अजून चालू असेल हे तिच्या मनातही नव्हतं. कुंदानं ती टिचकी मारली असेल का कधी? इतक्या वर्षांत एखादे वेळी तरी? की ती खालची चौकट तशीच पडून राहिली असेल, कोणी न उघडलेल्या माळ्यासारखी? हे कळलं नाही तर आत टेबलावर आपल्याला स्थिर पडून राहता येणार नाही, असं तिला वाटलं.

“क्षमा, बाळा, डावीकडे ‘नाते’ असं लिहिलंय ना, त्या शब्दावर माऊस ने आणि दोनदा दाब,” ती म्हणाली.

तिथं काही होत नाही आजी, ते नुसतं नाव आहे, क्षमा म्हणाली. पण मोतीबिंदूच्या म्हातारीचं मन मोडू नये म्हणून असेल, तिनं दाबलं. दोन टिचक्यांचा आवाज आला. क्षमा पडद्याकडे वाकली. संघमित्राला पडद्यावर काही बदललं की नाही ते दिसेना. तिला फक्त करडं दिसत होतं आणि त्यात एक पांढरी पट्टी, आधीपेक्षा किंचित पांढरी असावी. काय झालं गं, तिनं विचारलं. वाट लागली की काय, क्षमा पुटपुटली, हे काय उघडलं? तेव्हा लतानं काखेतली चपलांची पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवली, मुठीतला संघमित्राचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला आणि डोकं आत घातलं. त्या चष्म्याचा नंबर तिला जवळजवळ जुळायचा. ऑपरेशन झालं की ही फ्रेम मी घेणार, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

“बाण आहे बघ, दाब तो,” संघमित्रा म्हणाली. “उलगडेल.”

आणि लता वाचायला लागली. लताचं वाचन म्हणजे दुकानांच्या पाट्या वाचण्यासारखं, एकेका शब्दापाशी उभं राहून. शेजारीण, तिनं वाचलं. समोरचा शेजारी. गाववाला. घरमालक. कामवाली. जिच्याकडे काम करते ती. विहारातल्या ताई. पोस्टमन. पहिली बायको. इथे लता थांबली आणि क्षमाकडे बघून भुवया उडवल्या. मुलाची पूर्वीची सासू. खानावळवाली. रिक्षावाला. मग पुन्हा रिक्षावाला, कंसात कायमचा. वॉर्डात ओळख झाली. एकत्र भजनाला असतात. ज्याचा मुलगा दत्तक दिला ते. लता वाचत होती आणि संघमित्रा डोळे मिटून ऐकत होती; तसंही उघडे ठेवून काही उपयोग नव्हता. कुंदानं टिचकी मारली होती. नुसती मारली नव्हती, ती वर्षानुवर्षं मारत होती, त्या स्टुलावर बसून माणसांना विचारत होती आणि ती जे म्हणतील ते लिहीत होती. अख्खं घाटकोपर एकेकाला हाताला धरून त्या खिडकीशी येऊन गेलं होतं. संघमित्रानं कान आणखी खिडकीशी नेला. पेरून विसरलेल्या एखाद्या कोपऱ्यात भोपळ्याचा वेल छपरापर्यंत गेलेला दिसावा, तसं तिला आश्चर्य वाटलं. तिला प्रत्येकाबद्दल विचारायचं होतं. कायमचा रिक्षावाला म्हणजे कसा? पहिली बायको का आली असेल, आणि दुसरी तेव्हा कुठे होती?

“शेवटचं,” लता म्हणाली, आणि वाचलं, “कोणी नाही.”

हे कुंदाचं काम, संघमित्रा म्हणाली. कुंदाबाई मी लागायच्या कितीतरी आधी रिटायर झाल्या, क्षमा म्हणाली, त्यांच्यानंतर कोणाला हे माहीतच नसेल. मग ती सावरून बसली. तिच्यामागे फाइली साचल्या होत्या, रांगेतला एक माणूस घसा खाकरत होता, दारातून सिस्टरनं तिसरी हाक मारली होती. तर मग आजी, आता काय करू, यातलं शेजारीण निवडू? की नवीन लिहायचंय?

संघमित्रानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की इतके महिने जे म्हणता आलं नाही ते आता एका शब्दात म्हणायची पाळी आली आहे. तिच्या जिभेवर दोन-तीन शब्द येऊन गेले. प्रत्येकात टेम्पो थांबवण्याचा हात होता. मुलगा बोलावतोय, नातवंड येतंय, आणि आपण इथे हिरव्या झग्यात, डोळ्याला थेंब घालून, दया येईल अशा वेशात तिच्यापुढे एखादा शब्द ठेवायचा? म्हणजे पहिलं नाव आपोआप निवडलेलं असण्यासारखंच झालं की ते. आधी विचारा, मग लिहा. तिनं हात चाचपत खिडकीची फळी धरली.

“मला नको विचारूस,” ती क्षमाला म्हणाली. “तिला विचार. ती माझी कोण ते तिनं सांगायचं.”

लतानं नाकावरचा चष्मा सारखा केला. संघमित्राला तिचा चेहरा दिसत नव्हता, आपल्याच चष्म्याच्या काचांवर ट्यूबलाइटचे दोन तुकडे चमकत होते तेवढे. पांढऱ्या पट्टीत आता ती बारीक उभी रेघ लुकलुकत असेल, तिनं मनाशी म्हटलं, येते, जाते, येते, जाते. घाई करत नाही, उत्तरही सुचवत नाही. तिनं आखलेल्या सगळ्या खिडक्यांतलं तिला सर्वांत आवडणारं तेच होतं, ती वाट बघणारी रेघ. लताच्या बांगड्या फळीवर एकदा वाजल्या. गोरेगावची खोली तिच्या डोळ्यांसमोर असेल. पाळणा असेल. शिलाई मशीन खिडकीशी ठेवता येईल का, याचाही विचार तिनं केला असेल, कारण परवाच तिनं नितेशला विचारलं होतं की त्या खोलीची खिडकी कुठल्या अंगाला. आणि संघमित्राला नवल वाटलं की आपल्याला भीती वाटत नाही आहे. आपल्याला फक्त जाणून घ्यायचं आहे.

“संघू,” लता म्हणाली, “ह्यां एकदा लिवलां की मगे पुसूक येता?”

“नाही,” संघमित्रा म्हणाली. “घालायची सोय केली होती, काढायची नाही केली. तूच म्हणाली होतीस ना, खुंटी कोण काढतो.”

लता नाकातून हसली, जुनी गोष्ट कोणी भलत्याच वेळी काढल्यावर हसते तशी. मला आठवतसुद्धा नाही, असं म्हणाली. आणि मग, भाजीवाल्याला पावशेर भेंडी सांगावी अशा आवाजात, क्षमाला म्हणाली, “लिही गो बाये. घरातली.”

कीबोर्डची बटणं वाजली. संघमित्रानं तो आवाज कानांनी ऐकला आणि बोटांच्या टोकांनीही. क्षमानं ‘जतन करा’ दाबलं असावं, कारण पडद्यावरचं करडं एकदा हललं आणि पुन्हा जागच्या जागी आलं. घसा खाकरणारा माणूस पुढे सरकला. तरीही संघमित्रा हलेना. यादी आपण अक्षरांप्रमाणे लावली होती की आलेल्याच्या क्रमानं, हे तिला आठवत नव्हतं, आणि इतकं सगळं कळल्यावर तेवढंच राहून जाणं बरं नव्हतं. तिनं क्षमाला बाण पुन्हा दाबायला लावला. कुठे आलंय गं ते?

“सगळ्यात खाली आजी,” क्षमा म्हणाली. “‘कोणी नाही’ आहे ना, त्याच्या खाली.”

सिस्टर स्वतः येऊन तिचा दंड धरून उभी राहिली तेव्हा लतानं फळीवरची पिशवी पुन्हा काखेत मारली. चष्मा तिनं काढला नाही. पाच-सहा पावलं ती बरोबर चालली, झग्याची सुटलेली नाडी मागून बांधत, आणि गाठ मारता मारता म्हणाली की तू आत असेपर्यंत मी नितेशला फोन करून टाकते, रविवारी सपनाला घेऊन जेवायलाच ये म्हणून, बांगडे आणते; टेम्पो नको म्हणावं, सपनाचे दिवस भरले की मीच जाऊन राहीन तिकडे पंधरा दिवस.

पंधरा दिवस, संघमित्रानं मनात घोळवलं, आणि दारातून आत जाताना तिला लताच्या पंधरा दिवसांची जुनी सवय आठवून हसू आलं. “नाडी घट्ट नको बांधूस,” ती म्हणाली, “मला श्वास घ्यायचाय.” आत गार होतं, अंधेरीच्या ऑफिसासारखं.